तळघरातली बॅटरी, गच्चीवरचे ऊन : घरच्या विजेचा एक विसरलेला इतिहास

१/
साल १८८८. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात, युक्लिड अव्हेन्यू या धनिकांच्या रस्त्यावर चार्ल्स ब्रश या अभियंत्याचा वाडा होता. वाड्यामागे १७ मीटर व्यासाची, १४४ लाकडी पात्यांची पवनचक्की फिरत असे. तळघरात बॅटरीचे ४०८ काचेचे कोश मांडलेले होते. वारा असेल तेव्हा वीज साठायची, रात्री तिच्यावर दिवे लागायचे. ही व्यवस्था सुमारे २० वर्षे चालली.

२/
आज ‘गच्चीवर सोलर आणि घरात बॅटरी’ ही कल्पना भविष्यातील गोष्ट म्हणून आपल्यासमोर मांडली जाते. इतिहास मात्र असे सांगतो की, घरची वीज ही जाळ्यातल्या विजेची धाकटी नव्हे, जुळी बहीण आहे. मग ती मागे का पडली? सव्वाशे वर्षांनी परत का आली? आणि तिच्या परतण्याचा खर्च कोणाच्या बिलात जाणार? आजचा धागा या तीन प्रश्नांचा आहे.

३/
४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत ही तारीख असते. त्याच वर्षी जे. पी. मॉर्गन या धनकोने स्वतःच्या घरासाठी स्वतंत्र वीजसंच बसवून घेतला होता, हे सहसा नसते. त्याच्या धडधडीने शेजारी त्रासले. सदोष तारांमुळे घरात एकदा आगही लागली. तरीही १८८० च्या दशकात हॉटेले, गिरण्या आणि श्रीमंतांची घरे यांनी असे शेकडो संच घेतले. वीज म्हणजे विकत घ्यायचे यंत्र की दरमहा विकत घ्यायची सेवा, हे तेव्हा ठरलेले नव्हते.

४/
बॅटरीही तेव्हा नवी नव्हती. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये शिसे आणि आम्ल यांची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप देण्याची युक्ती शोधली आणि ती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागली. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरखालची, डिस्टिल्ड वॉटर मागणारी जड बॅटरी ही त्याच घराण्यातली.

५/
मग घरची वीज हरली कशाने? याचे उत्तर हिशेबात आहे. घरासाठी संच घ्यायचा, तर संध्याकाळी सर्व दिवे एकदम लागतात त्या तासाच्या गरजेएवढा मोठा घ्यावा लागतो. उरलेला दिवसभर तो रिकामा बसतो. भांडवलावरचे व्याज मात्र रिकामे बसत नाही. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ मध्ये हे सूत्र मांडले : विजेच्या खर्चाचे दोन भाग असतात, एक ‘सज्ज राहण्याचा’ आणि दुसरा ‘प्रत्यक्ष पुरवण्याचा’, म्हणून ग्राहकाकडूनही दोन्ही वेगवेगळे घ्यावेत.

६/
या सूत्राचे साम्राज्य केले सॅम्युअल इन्सल याने. लंडनहून आलेला हा तरुण आधी एडिसनचा सचिव होता. १८९२ मध्ये तो शिकागोच्या एका लहानशा वीज कंपनीचा प्रमुख झाला. १८९४ मध्ये इंग्लंडला गेला असता ब्रायटन शहरात त्याने आर्थर राइट याचे मीटर पाहिले. ग्राहकाने किती वीज वापरली याबरोबरच एका वेळी जास्तीत जास्त किती मागितली, हेही ते नोंदवत असे. इन्सलला त्यात पुढचा सगळा धंदा दिसला.

७/
इन्सलचे म्हणणे असे : सगळी घरे एकाच क्षणी सगळे दिवे लावत नाहीत. शिकागोतील एका वस्तीचे उदाहरण तो देई. तिथल्या बिऱ्हाडांची कमाल गरज वेगवेगळी मोजून बेरीज केली, तर जेवढी येते त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी क्षमतेत संपूर्ण वस्तीचे काम भागत होते. यात दिवसा चालणारे कारखाने आणि सकाळ-संध्याकाळ धावणाऱ्या ट्राम जोडल्या की तेच यंत्र चोवीस तास कामाला लागते. प्रत्येकाने आपली विहीर खणण्यापेक्षा गावाने एक तळे बांधावे, असा हा युक्तिवाद होता. १९०३ मध्ये शिकागोच्या फिस्क स्ट्रीटवर त्याने ५,००० किलोवॉटचे वाफेचे टर्बाइन बसवले आणि तळघरातल्या बॅटरीचे दिवस भरले.

८/
आता आपले वीजबिल समोर घ्या. त्यात ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ या दोन वेगळ्या ओळी असतात. महिनाभर घराला कुलूप असले तरी स्थिर आकार येतोच आणि आपण चिडतो. ती ओळ म्हणजे हॉपकिन्सनचे १८९२ चे सूत्र होय. पुढच्या सगळ्या कथेत या ओळीकडे लक्ष असू द्या. अखेरचे भांडण तिच्यावरूनच आहे.

९/
घरच्या विजेने लगेच हार मानली नाही. १९१२ मध्ये एडिसनने न्यू जर्सीत, स्वतःच्या निकेल-लोह बॅटऱ्यांवर आणि एका लहान इंजिनावर चालणारे, बाहेरच्या तारांची गरज नसलेले नमुना-घर लोकांना दाखवले. १९१६ मध्ये चार्ल्स केटरिंगचा ‘डेल्को-लाइट’ संच बाजारात आला : इंजिन, जनित्र आणि ३२ व्होल्टच्या बॅटऱ्या. जिथे तारा पोहोचल्या नव्हत्या त्या अमेरिकन शेतकऱ्यांनी तो घेतला. १९३५ मध्ये सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, स्वस्त कर्जावर तारा खेड्यांत गेल्या आणि हे संच गोठ्यात धूळ खात पडले.

१०/
आपल्याकडे ही निवड सामान्यांपर्यंत फारशी आलीच नाही; त्यांच्या हाती वीज आली ती बहुतांशी जाळ्याच्या रूपात. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवता अशी धरणे बांधली, पाणी बोरघाटातून खाली खोपोलीत आणले आणि १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली. इन्सलला हवा तसा ग्राहक इथे आयता होता : दिवसभर एकसारखी वीज खाणारी कापडगिरणी. कोळशाच्या धुरातून मुंबईची थोडी सुटका झाली आणि सह्याद्रीच्या पावसाला बाजारभाव मिळाला.

११/
या बाजारभावात एक रकाना कोरा होता. मुळशी पेट्यात निळा आणि मुळा यांच्या संगमावर पुढचे धरण ठरले, तेव्हा सुमारे ५० गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे नेते होते. लढा १९२४ पर्यंत रेटला गेला आणि हरला. वीज एकीकडे तयार होते, दुसरीकडे वापरली जाते आणि तिची किंमत तिसराच मोजतो, हा धडा महाराष्ट्राने इतक्या लवकर शिकला.

१२/
स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पाटण तालुक्यात कोयनेचे धरण उभे राहिले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीस पोफळीच्या भूमिगत केंद्रातून वीज येऊ लागली. राज्याच्या कारखान्यांचा तो कणा ठरला. शिवसागराखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्यातील अनेकांचे पुनर्वसन मात्र दशकानुदशके रेंगाळले. पाटण तालुक्याचे नाव ध्यानात ठेवा. शेवटी आपण तिथेच परत येणार आहोत.

१३/
आता उन्हाकडे वळू. १८३९ मध्ये एकोणीस वर्षांच्या एडमों बेकरेल याला फ्रान्समध्ये आढळले की, द्रावात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीजप्रवाह निर्माण होतो. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सौरघट बनवले आणि त्यांचे पॅनेल छपरावर लावले. पडणाऱ्या प्रकाशातून जेमतेम एक टक्का वीज मिळे. म्हणजे पर्ल स्ट्रीटच्या केंद्रात कोळसा जळत होता, त्याच सुमारास त्याच शहरातल्या एका छपरावर सौर पॅनेल होते!

१४/
त्यानंतर सत्तर वर्षांनी खरी कलाटणी मिळाली, तीही टेलिफोनच्या अडचणीतून. दमट, उष्ण प्रदेशांत दूरवरच्या टेलिफोन यंत्रणेच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर निकामी होत. त्यावर उपाय शोधताना बेल लॅब्जच्या डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअरसन यांनी सिलिकॉनचा सौरघट बनवला. २५ एप्रिल १९५४ रोजी त्याचे प्रात्यक्षिक झाले, त्यात एक खेळण्यातला पाळणा उन्हावर फिरला. कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के.

१५/
चॅपिनने पुढे प्रामाणिकपणे हिशेब केला. १९५६ च्या सुमारास एका वॅटच्या सौरघटाला २८६ डॉलर पडत होते. साध्या अमेरिकन घराची गरज भागवायची, तर सुमारे १४ लाख डॉलर लागले असते. त्यामुळे ही वीज पृथ्वी सोडून अवकाशात गेली, जिथे तार पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेला ‘व्हॅनगार्ड-१’ हा सौरघट वापरणारा पहिला उपग्रह.

१६/
अवकाशातून तिला खाली आणले कोणी? यातला मोठा वाटा एका तेल कंपनीचा आहे. १९७३ मध्ये एक्सॉनच्या पैशावर एलियट बर्मन याने ‘सोलर पॉवर कॉर्पोरेशन’ काढली. अवकाशाच्या कसोट्या सैल केल्या, कमी शुद्ध सिलिकॉन घेतले आणि वॅटची किंमत १०० डॉलरवरून २० डॉलरच्या आसपास आणली. पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत समुद्रातल्या तेलविहिरी होत्या. त्यांना इशाऱ्याच्या दिव्यांसाठी वीज हवी होती. त्याच दशकात एक्सॉनच्याच प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम लिथियमच्या चार्ज होणाऱ्या बॅटरीवर काम करत होता. आजच्या घरगुती सौरसंचाची दोन्ही अंगे तेल कंपनीच्या अंगणात रांगली, हा इतिहासातला मोठा विनोद आहे.

१७/
१९७३ च्या तेलसंकटानंतर विजेचे दर चढले. १९७८ च्या अमेरिकन कायद्याने वीज कंपन्यांना लहान उत्पादकांची वीज घेणे बंधनकारक केले. पण घरमालकाने दिलेली वीज मोजायची कशी? १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील वास्तुविशारद स्टीव्हन स्ट्राँग याने इमारतींवर पॅनेल बसवून ती थेट जाळ्याला जोडली. तेव्हाच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती असे. घरातून वीज बाहेर जाऊ लागली की ती चकती उलटी फिरे आणि आकडा उतरे. ‘नेट मीटरिंग’ अर्थशास्त्रज्ञांच्या चर्चेतून जन्मले नाही. ते त्या चकतीच्या स्वभावातून आले. १९८३ मध्ये मिनेसोटाने त्याचा कायदा केला.

१८/
या सोयीत एक गृहीत दडलेले होते. दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट यांची किंमत एकच, असे चकती मानते. म्हणजे वीज कंपनीचे सगळे जाळे घरमालकाची फुकटची बॅटरी झाले. हजारात एक घर असे करत होते, तोवर कोणाला फरक पडला नाही.

१९/
जर्मनीने वेगळी वाट धरली. १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने नवीकरणीय वीज ठरावीक दराने विकत घेणे कंपन्यांना भाग पाडले. तो दर सौरविजेला पुरत नव्हता. म्हणून हॅमेलबुर्ग, फ्रायझिंग, आखेन या नगरपालिकांनी स्वतःच्या पातळीवर, खर्च भरून निघेल असा दर दिला. आखेनच्या योजनेमागे वोल्फ फॉन फाबेक होते, तर हॅमेलबुर्गचे नगरसेवक हान्स-योसेफ फेल पुढे संसदेत गेले. हेर्मान शेअर आणि फेल यांच्या पुढाकाराने १ एप्रिल २००० पासून देशभर कायदा आला : छपरावरच्या सौरविजेला युनिटमागे ९९ फेनिग, तेही २० वर्षांच्या हमीसह.

२०/
हा दर बाजारापेक्षा कित्येक पटींनी जास्त होता आणि तो सर्व ग्राहकांच्या बिलातून वसूल होत असे. टीका रास्त होती. परंतु त्या मागणीने कारखाने उभे केले. जपानने १९९४ पासून घरगुती संचांना अनुदान दिले होते. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेल्या शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये चीनच्या वूशी शहरात ‘सनटेक’ स्थापली. जगातले एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. जर्मन गृहिणीच्या बिलातल्या जादा पैशांवर आपल्या गच्चीवरचे पॅनेल स्वस्त झाले, असे म्हटले तर फारसे वावगे ठरणार नाही.

२१/
बॅटरीची वाट तशीच. व्हिटिंगहॅमनंतर जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांनी लिथियम-आयन सुरक्षित आणि टिकाऊ केली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. २०१९ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. कॅमेरा, मोबाइल, मग मोटार अशा पायऱ्या चढत ती स्वस्त झाली. २०१५ मध्ये टेस्लाने भिंतीवर टांगायची घरगुती बॅटरी जाहीर केली. ब्रशच्या तळघरातून निघालेली वस्तू १२७ वर्षांनी भिंतीवर आली.

२२/
याच काळात महाराष्ट्राने हॉपकिन्सनच्या सूत्राचा सर्वांत कडू प्रयोग पाहिला : दाभोळ. १९९२ मध्ये एन्रॉनशी बोलणी सुरू झाली; १९९५ मध्ये करार रद्द आणि १९९६ मध्ये पुन्हा मान्य झाला; १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. वीज घ्या वा न घ्या, ‘सज्ज राहण्याचे’ पैसे द्यायचे, तेही डॉलरशी जोडलेले. हा बोजा मंडळाला पेलवेना आणि मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. स्थिर आकार म्हणजे काय, हे एका राज्याला इतके महाग पडून क्वचितच कळले असेल.

२३/
पाठोपाठ भारनियमन आले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण झाले. तरी गावोगावी आठ-दहा तास अंधार असे. परीक्षेच्या दिवसांतला कंदील आणि मेणबत्ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतला. इथे एक बारकावा आहे. इन्व्हर्टरची बॅटरी जाळ्यातूनच चार्ज होते आणि साठवण्यात-काढण्यात काही वीज वाया जाते. त्यामुळे तिने बिल कमी केले नाही, वाढवले. आपण तिच्याकडून बचत घेतली नव्हती. खात्री विकत घेतली होती.

२४/
२००६ मध्ये पुण्याने एक चमत्कारिक तोडगा काढला. मागणी वाढली की उद्योगांनी आपले स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळायची आणि जादा खर्चापोटी ग्राहकांनी थोडा वेगळा आकार भरायचा. विखुरलेली वीज आणि जाळे परस्परांना धरून चालू शकतात, याचे ते आपल्याकडचे जुने उदाहरण. सौर-बॅटरीच्या आजच्या चर्चेत ते क्वचितच आठवले जाते.

२५/
राज्यात २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली : लक्ष्य १ कोटी घरे, अनुदान २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, ३ किलोवॉट व त्यापुढे एकूण ७८,०००. साधा हिशेब पाहा. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. ३ किलोवॉटचे महिन्याला सुमारे ३६० युनिट होतात. आपल्याकडे १००, ३००, ५०० युनिटांनंतर दर पायरीपायरीने चढतो. सौरवीज आधी सर्वांत वरची, महागडी पायरी पुसते. म्हणून ज्याचे बिल मोठे, त्याची बचतही मोठी.

२६/
आणि इथेच जुने भांडण नव्याने सुरू होते. वरच्या पायरीवरचे ग्राहक आणि उद्योग जादा दर देतात म्हणून शेतीपंप आणि लहान घरे यांना वीज थोडी स्वस्त मिळते. गच्ची असलेला सुखवस्तू ग्राहक वरच्या पायरीवरून उतरला, तर खांब, तारा, रोहित्रे आणि वायरमनचा पगार यांचा खर्च उरलेल्यांत वाटला जाणार. चाळीत, भाड्याच्या खोलीत किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे स्वतःचे ऊन नसते. गच्ची सोसायटीची, बिल मात्र त्याचे एकट्याचे.

२७/
जगाने यावर वेगवेगळी उत्तरे दिली. स्पेनने २०१५ मध्ये स्वतः वापरलेल्या सौरविजेवरही आकार लावला. लोकांनी त्याला ‘सूर्यावरचा कर’ म्हटले आणि २०१८ मध्ये तो गेला. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या बाहेर दिलेल्या युनिटाचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटवला. पाकिस्तानात विजेचे दर चढल्यावर एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉटचे पॅनेल आयात झाले. ज्यांना जमले ते बाहेर पडू लागले आणि न वापरलेल्या वीजकेंद्रांचे स्थिर आकार उरलेल्यांच्या माथी येऊ लागले. दाभोळची आठवण यावी अशी ही गोष्ट.

२८/
बॅटरीला खरा अर्थ इथे येतो. चकतीचे मीटर घड्याळ पाहत नव्हते. नवे मीटर पाहते. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी वेळेनुसार दराचे तत्त्व आणले : उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळी महाग. कॅलिफोर्नियात दर बदलल्यावर लोक पॅनेलबरोबर बॅटरी घेऊ लागले. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीला अनुदान दिले. दुपारचे युनिट रात्री वापरणारा ग्राहक स्वतःचे बिल वाचवतोच, शिवाय संध्याकाळच्या त्या एका तासाची गर्दीही कमी करतो. ही तीच गर्दी, जिच्यामुळे ब्रशची पद्धत मागे पडली आणि इन्सलची जिंकली. पण ज्या घराची दुपारची वीज पूर्ण दराने रात्री परत मिळते, त्याला बॅटरीचा खर्च आजही सहसा परवडत नाही. बॅटरी घ्यावी की नाही, हे रसायनाआधी दरपत्रक ठरवते.

२९/
या इतिहासात बॅटरीने तीन वेळा अर्थ बदलला. ब्रशकडे ती जाळ्याला पर्याय होती. भारनियमनात ती जाळ्याच्या गैरहजेरीचा विमा होती. आता ती जाळ्याशी सौदा करण्याचे साधन होऊ पाहते आहे. यंत्र थोडेफार तेच. बदलला तो हिशेब, आणि हिशेब नेहमी माणसेच लिहितात.

३०/
आता वचन दिल्याप्रमाणे पाटण तालुका. याच तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. गावातल्या घरांवर पॅनेल बसले. ज्या तालुक्याने राज्याच्या विजेसाठी आपली खोरी पाण्याखाली जाताना पाहिली, तिथल्या एका वाडीने स्वतःच्या छपरावर वीज केली. कोणाचे शेत त्यासाठी बुडाले नाही. मुळशीच्या मावळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न, ‘वीज कोणाची आणि किंमत कोणाची’, याला हे एक लहान पण नेमके उत्तर आहे.

३१/
उत्तर लहान का, तेही सांगतो. वाडीने हे एकेकट्याने केले नाही. सगळ्या घरांनी मिळून केले. गच्ची असलेल्यांनी बाहेर पडायचे आणि नसलेल्यांनी तारांचा खर्च उचलायचा, ही एक वाट. सोसायटीची सामाईक गच्ची, गावाचे सामाईक पॅनेल, वस्तीची सामाईक बॅटरी ही दुसरी. प्रत्येकाने वेगळी विहीर खणण्यापेक्षा तळे स्वस्त, हा इन्सलचा हिशेब चुकलेला नव्हता. तळे कोणाच्या मालकीचे आणि ते कोणाच्या शेतावर बांधायचे, एवढेच त्याने विचारले नव्हते.

३२/
शेवटी एक विनंती. घरातली जुनी वीजबिले रद्दीत देऊ नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बिल सापडले, तर दर, आकार आणि युनिट यांच्या ओळी नीट वाचा आणि आजच्या बिलाशेजारी ठेवून पाहा. राजांची पत्रे जपणारे दफ्तरखाने आहेत; सामान्य घराने उजेडासाठी काय मोजले, याचा पुरावा मात्र तुमच्या-आमच्या कपाटातच आहे. असे बिल मिळाले, तर नाव व ग्राहक क्रमांक झाकून त्याचे छायाचित्र या धाग्याखाली जरूर जोडा. पुढचा धागा त्या बिलांवरच लिहायचा मानस आहे.